फिल्टर लावला की चार्टमधून '१२अ' वॉर्ड गायब: माझा अनुभव

लक्षण: गुगल शीटमध्ये '१२अ' वॉर्डाच्या ओळी दिसतात, त्याच शीटवरून आलेख काढणाऱ्या गुगल चार्ट्समध्ये ती नोंद रिकामी, एररही नाही. कॅशे साफ करून, क्वेरी (शीटमधून हवा तो डेटा मागणारी ओळ) पुन्हा लिहून काहीच फरक पडला नाही. फार वैताग आला.

कारण: एका कॉलमला एकच डेटा प्रकार मिळतो, तो बहुसंख्य नोंदींवरून ठरतो. बाकीच्या नोंदी नल, म्हणजे रिकाम्या होतात. बहुतेक वॉर्ड नुसते आकडे, म्हणून '१२अ' गायब.

आधी वॉर्डाचा पूर्ण कॉलम निवडून फॉरमॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट करा. रकमेचा कॉलम मात्र नंबरच ठेवा, नाहीतर चार्ट अक्षावर मजकूर नाकारतो. मग क्वेरीच्या यूआरएलमध्ये हेडर्सची (शीर्षकाच्या ओळी किती) किंमत १ द्या. मजकुराचे कॉलम वाढले की शीर्षकाच्या ओळींचा गुगलचा अंदाज चुकू शकतो. शेवटी क्वेरीतल्या 'व्हेअर'मधली (फिल्टरची अट) वॉर्डाची किंमत एकेरी अवतरणात घाला, साध्या १२ सकट.