बाळाच्या वाढीबद्दल खात्रीची माहिती : सातारा-सांगलीत कुठे शोधावी, कशी पारखावी

आधी प्रश्न नीट लिहून काढा. "बाळ खात नाही" एवढंच शोधलं किंवा विचारलं, की हजार उत्तरं येतात आणि त्यातली बरीचशी दुसऱ्याच वयाच्या मुलांसाठी असतात. त्याऐवजी कागदावर असं लिहा : "वय ९ महिने, वजन ७ किलो ४०० ग्रॅम, आईचं दूध चालू, वरचं खाणं दिवसातून दोनदा, चार दिवस नाचणीची खीर थुंकतंय." एवढं लिहिलं की उत्तराचं एक टोक लगेच हाताला लागतं, कारण ९ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसातून तीन-चार वेळा वरचं खाणं लागतं आणि इथे ते दोनदाच मिळतंय.

वय नेहमी महिन्यांत लिहा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर किती आठवडे आधी, तेही लिहा. दोन महिने आधी झालेलं बाळ आज ८ महिन्यांचं असेल, तर बसणं, रांगणं, बोलणं बघताना त्याला ६ महिन्यांचं धरायचं. दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब ठेवायचा. लशींचे डोस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायचे. हा फरक माहीत नसल्यामुळे काही घरी उगाच घाबरगुंडी उडते, तर काही घरी डोस लांबवले जातात.

घरातलंच पहिलं साधन : डोसाचं कार्ड

माता व बाल संरक्षण कार्ड जवळपास प्रत्येक घरात असतं. ते बाहेर निघतं फक्त डोसाच्या दिवशी, एरवी कपाटात पडून राहतं. त्यात डोसांच्या तारखांखेरीज वाढीचा तक्ता असतो, कोणत्या वयात बाळ काय करू लागतं याची चित्रं असतात, वरच्या खाण्याची माहिती असते आणि धोक्याच्या खुणाही असतात. मराठीत, फुकट आणि तपासून छापलेलं असं दुसरं साधन सहज हाती येत नाही. एका निवांत दुपारी ते पहिल्या पानापासून वाचा. आजीलाही शेजारी बसवून वाचून दाखवा, कारण बाळाच्या खाण्यापिण्याचे निम्मे निर्णय तिच्याच हातात असतात.

वाढीचा तक्ता मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा असतो. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवर बेतलेला आहे. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन. हिरव्या पट्ट्यात ठीक, पिवळ्यात वजन कमी, केशरीत फारच कमी. पण बाळ कोणत्या रंगात आहे यापेक्षा रेघ कुठे चालली आहे ते आधी बघा. पिवळ्या पट्ट्यात असूनही रेघ वर चढत असेल, तर बाळ सुधारतंय. हिरव्यात असूनही दोन महिने रेघ आडवी राहिली असेल, तर लगेच विचारायला हवं. रेघ खाली आली असेल, तर थांबूच नका.

चूक होते ती वजन घेताना. थंडीत बाळ काट्यावर चढतं ते कुंची, स्वेटर, पायात चांदीचे वाळे आणि कमरेला करगोटा घेऊन. ९ ते १२ महिन्यांच्या बाळाचं वजन महिन्याला साधारण पाव किलोच वाढतं आणि कपडे-दागिनेही सहज तेवढेच भरतात. म्हणजे महिनाभर वाढ झालीच नसली तरी कार्डावर ती झालेली दिसते. म्हणून काटा आधी शून्यावर आला का ते बघा, बाळाला उघडं करा, ओलं दुपटं काढा, वाळे उतरवा आणि दर महिन्याला शक्यतो त्याच काट्यावर वजन घ्या. उंचीचंही तसंच : दोन वर्षांच्या आत झोपवून मोजायची, पुढे उभं करून. झोपवून घेतलेलं माप साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त येतं. पद्धत मध्येच बदलली की मूल खुजं झाल्यासारखं वाटतं.

दाराशी येणारी माणसं

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचं असतं. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात भेटी असतात. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याच्या या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून घातला गेला. ताई येतील तेव्हा चहा-पाण्यातच वेळ घालवू नका. लिहिलेला प्रश्न पुढे ठेवा आणि दूध पाजताना बाळाची पकड बघायला सांगा. भेट चुकली असेल तर उपकेंद्रातल्या नर्सताईंना कळवा.

अंगणवाडी ही फक्त खाऊची जागा, असा समज शहरात जास्त आहे. तिथे दर महिन्याला वजन-उंची होते आणि ती पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चढते. ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टीही तिथे असते. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५च्या मध्ये असेल तर मध्यम. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्म ते ३ वर्षांसाठी "नवचेतना" आणि ३ ते ६ वर्षांसाठी "आधारशिला" असे दोन आराखडे काढले. नवचेतनेत महिन्यागणिक बाळाशी काय खेळायचं ते दिलंय आणि त्याला लागणारं सामान म्हणजे घरातली वाटी, चमचा, फडकं. सेविकाताईंना नुसतं "काही नवीन आलंय का" विचारू नका. "११ महिन्यांच्या बाळासाठी नवचेतनेतले खेळ दाखवा" असं सांगा. नेमकं मागितलं की नेमकं मिळतं.

तक्रार किंवा शंका अंगणवाडीत सुटली नाही तर आधी पर्यवेक्षिका, मग बाल विकास प्रकल्प अधिकारी. ग्रामीण भागात त्यांचं कार्यालय तालुक्याला, बहुधा पंचायत समितीच्या आवारात असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार, विकासातला उशीर या चार गोष्टी तपासतं. तारीख सेविकाताईंना आधी कळते; ती विचारून ठेवा. त्या दिवशी मूल मामाकडे गेलेलं असेल तर पुढचे सहा महिने गेले. पथकाने पुढे पाठवलं, तर चिठ्ठी घेऊन जायचं ते जिल्हा रुग्णालयाच्या वाटेने. साताऱ्यात ते क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, जे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. चिठ्ठीवर शिक्का आणि मुलाचं नाव बरोबर आहे का, हे तिथल्या तिथे बघा, कारण या कार्यक्रमातले उपचार मोफत असतात आणि त्याचा आधार म्हणजे ती चिठ्ठी.

मोबाइलवरची माहिती कशी पारखायची

पहिली चाचणी पैशाची. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि डब्यातलं बाळअन्न यांची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटोसुद्धा चालत नाही. तेव्हा सात महिन्यांच्या बाळासाठी डबा दाखवून सवलतीचा कोड देणारं पान, चेहरा कितीही गोड असला तरी, तिथेच बंद करा.

दुसरी चाचणी तारखेची. बाळाच्या औषधांबाबतचे सल्ले बदलत असतात. खोकल्याच्या सिरपचंच बघा : ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा वापरू नयेत, असं सांगितलं. त्याआधीचा व्हिडिओ कितीही मोठ्या डॉक्टरांचा असला तरी या बाबतीत तो शिळा. वाईला तयार होणारा मराठी विश्वकोश आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. तो संकेतस्थळावर फुकट वाचता येतो आणि बालमानसशास्त्रासारख्या विषयांची ओळख करून घ्यायला चांगला आहे. पण त्याचे छापील खंड १९७६ पासून निघालेले आहेत. त्यातून संकल्पना घ्या, औषध किंवा डोस घेऊ नका.

तिसरी चाचणी देशाची. बसणं, चालणं, बोलणं यांचे टप्पे जगभर जवळपास सारखेच आहेत. आधाराशिवाय चालणं साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान कधीही येतं आणि काही मुलं न रांगता थेट उभी राहतात. तेव्हा अमेरिकेच्या किंवा युनिसेफच्या पानावरून टप्पे बघायला हरकत नाही. डोस, खाणं आणि योजना मात्र इथल्याच बघा. अमेरिकेत क्षयरोगाची बीसीजी लस सगळ्या बाळांना देत नाहीत, आपल्याकडे जन्मतःच देतात. परदेशी वेळापत्रक वाचून "हा डोस लागत नाही" असं ठरवणं घातक आहे. इंग्रजी पान यंत्राने मराठीत आणलं असेल तर त्यातलं प्रमाण वापरू नका. औषधाच्या मापाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. भाषांतरात तो नुसता "चमचा" होतो आणि घरात चार आकारांचे चमचे असतात.

आणि शेवटी बघा : हे पान डॉक्टरकडे कधी जायचं ते सांगतं का? चांगली माहिती स्वतःची हद्द सांगते. "सगळ्या बाळांचं असंच होतं, काळजी करू नका" एवढंच म्हणणारं पान उपयोगाचं नाही.

एक निरोप घेऊन बघू. एप्रिलमध्ये, माण-खटाव किंवा जतकडचं ऊन वाढलं की फिरतोच : "उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या बाळाला रोज दोन-तीन चमचे पाणी पाजा, नाहीतर उष्णता होते." निरोपात वय आहे, पण लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. कार्ड उघडा : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही. कारण शोधा : आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं, आणि इवलंसं पोट वरच्या पाण्याने भरलं की बाळ दूध कमी ओढतं, शिवाय त्या पाण्यातून जुलाब होण्याची भीती. मग करायचं काय? बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि आईने पाणी भरपूर प्यायचं. शू दिवसातून सहा वेळा किंवा अधिक होत असेल तर दूध पुरतंय. बाळ मलूल वाटलं, दूध ओढेना, शू कमी झाली, तर दवाखाना. पाच मिनिटांत निरोप निकालात निघाला. घुटीतलं मध, डोळ्यांतलं काजळ, नाकात तेल, यांच्याही बाबतीत असंच करून बघा. वर्षाच्या आत मध नको, हे तर पक्कंच आहे.

दुकानातही हाच डोळा ठेवा. जुलाबात ओआरएस मागितलं की कधीकधी फळांच्या चवीचा गोड डबा हातात येतो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलेलं हवं आणि किती पाण्यात घालायचं तेही. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर मीठ धोक्याइतकं होतं. निम्मं आज, निम्मं उद्या असंही करू नका; पूर्ण पाकीट पूर्ण पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्या.

बोलण्यात उशीर वाटला तर

याबाबत आमचं मत ठाम आहे. "मुलगे उशिराच बोलतात", "त्याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले" ही वाक्यं माहिती म्हणून धरू नका. १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोटाने दाखवणं किंवा टाटा करणं नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडून बोलणं नाही. किंवा कोणत्याही वयात आलेलं बोलणं गेलं, तर पहिलं काम कानाची तपासणी. खासगी थेरपी केंद्रात जाण्याआधी थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा, डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची. नोंदणी क्रमांक विचारल्यावर रागावणारी जागा सोडून द्या. तोवर घरात मोबाइल बंद : भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, २ ते ५ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत.

पाळणाघर आणि बालवाडी

लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या २०१३च्या राष्ट्रीय धोरणातली मापं खिशात ठेवा : तीन वर्षांखाली दहा मुलांमागे एक मोठं माणूस, ३ ते ६ वर्षांत वीस मुलांमागे एक, आणि ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली. फी विचारण्याआधी दारात उभं राहून डोकी मोजा. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात वही-पेन्सिल दिसली तर समजा, तिथे वयाला साजेसं काम चालत नाही. मुलं कशी शिकतात ते समजून घ्यायचं असेल तर फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आहे. सुरुवातीच्या वाचन-लेखनावर तिथे अनेक वर्षं काम झालं आहे. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी असेल आणि कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार असतील, तर पाळणाघराची सोय आणि बाळाला भेटायला दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा हा मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने मिळालेला हक्क आहे.

आईला सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. बाळाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८, तातडीने दवाखाना गाठायचा असेल तर १०८.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेरगावी निघणार असाल तर निघण्याआधी सेविकाताईंना सांगा. पोषण ट्रॅकरवर बाळाचं नाव दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येतं. कार्ड ट्रंकेच्या तळाशी ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच्या पिशवीत ठेवा, सगळ्या पानांचे फोटो दोन मोबाइलवर काढून ठेवा आणि तळावर पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळची अंगणवाडी कुठे आहे ते विचारून या.