आधी ब्रेक ऑइल, मग डिस्क: टर्बो हॅचबॅकचे ब्रेक घाटाजोगे कसे करावेत

कासहून उतरताना यवतेश्वरच्या वळणांवर माझ्या गाडीचं ब्रेक पेडल एकदम मऊ पडलं आणि थेट फ्लोअर मॅटला टेकलं. गाडीला पुढे नव्याकोऱ्या भोकांच्या डिस्क होत्या, कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून धरणारे भाग) लालभडक रंगवलेले होते, आणि हा साज चढवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पेडल चार-पाच वेळा पंप केलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कशीबशी कडेला लावली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा ताठ! साताऱ्यात समर्थ मंदिरापर्यंत रांगत आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावलं आणि म्हणाले, "साहेब, ब्रेक चांगलं हायत की. ऑइल बघा, पार चहा झालाय त्याचा."

त्या दिवसानंतर मी शिकलो तो क्रम इथे देतोय. पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, आय२० एन लाइन किंवा तत्सम कुठलीही छोटी दमदार गाडी असो, क्रम हाच.

सुरुवात थोड्या हिशेबाने करू. दोन माणसांसह गाडीचं वजन १,१०० किलो धरा. ताशी १०० किमी वेगावरून ती पूर्ण थांबवली, तर सुमारे सव्वाचार लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. कास पठार साताऱ्यापेक्षा साधारण ४५० मीटर उंचावर आहे. तेवढं खाली उतरताना गाडी जी ऊर्जा सोडते, ती अशा अकरा थांबण्यांइतकी भरते. काही हवेत जाते, काही इंजिन खातं, उरलेली सगळी पॅड आणि डिस्कच्या वाट्याला येते. म्हणजे घाटात प्रश्न ब्रेकच्या ताकदीचा कमी आणि उष्णतेचा जास्त असतो. माझा सगळा खर्च ताकदीवर झाला होता.

१. आधी मोजा

रविवारी सकाळी एमआयडीसीतला एखादा सरळ, कोरडा, रिकामा रस्ता गाठा. मागच्या सीटवरचं सुटं सामान काढा, आरशात मागे कुणी नाही याची खात्री करा. ताशी ६० ला एका ठरावीक खुणेपाशी ब्रेक दणकून दाबा आणि गाडी थांबेपर्यंत पाय उचलू नका. अंतर टेपने मोजा. तीनदा करा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या.

चांगल्या टायरवर हे अंतर १६ मीटरच्या आसपास यायला हवं. ताशी ८० वरून तेच २८ मीटर होतं. वेग एक तृतीयांशाने वाढला की अंतर पावणेदोन पट. ऊस हंगामात रात्री महामार्गावर बिनदिव्याची ट्रॉली पुढे उगवते, तेव्हा हे बारा मीटर काय असतात ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

मोजताना पायाकडेही लक्ष ठेवा. पेडल पायाखाली धडधडलं, तर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागा झाला, म्हणजे ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतका जोर आधीच आहे. मग वीस इंची डिस्क बसवलीत तरी या अंतरातला एक मीटरही कमी होणार नाही, कारण आता रस्त्याला धरणारा टायर कमी पडतोय. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर डिस्कचे पैसे वाचले असते.

२. पेडल काय म्हणतंय ते ऐका

घाटात ब्रेक कमजोर पडणं दोन तऱ्हेचं असतं आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे.

पेडल दगडासारखं ताठ, पाय रोवून दाबताय, जळका वास येतोय, तरी गाडी रेटत चाललीय: पॅड तापून गुळगुळीत झालेत. पेडल स्पंजासारखं, दाबलं की खाली खाली जातंय, पंप केल्यावर थोडं वर येतंय: ब्रेक ऑइल उकळलंय. कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यातच संपतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि पेडल साळसूदपणे ताठ होतं. म्हणूनच गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडीत काहीच दोष सापडत नाही.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर "डिस्क वाकली" असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते; पॅडचा थर तिच्यावर कमीजास्त बसलेला असतो किंवा जाडी एकसारखी राहिलेली नसते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपरची पिन तपासा. पिनेची गोष्ट पुढे येते.

३. टायर

यात फार सांगण्यासारखं नाही. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर कायद्यानेही बाद होतो, पण साताऱ्याच्या पावसात तिथपर्यंत थांबू नये. मोठ्या ब्रेक किटपेक्षा चार चांगले टायर स्वस्त पडतात आणि वरच्या चाचणीतले मीटर तेच कमी करतात.

४. ब्रेक ऑइल बदला

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात मोठा फरक पाडणारं काम हेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हाच किमान आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओल्या टॉवेलसारखी असते, तेव्हा दर दोन वर्षांनी बदलायचा नियम पाळाच. माझं चार वर्षांचं होतं, आणि दर सर्व्हिसिंगच्या बिलावर "तपासले" असा शिक्का होता.

घाटात जोरात चालवणाऱ्याला चांगलं डॉट ४ पुरतं, डॉट ५.१ ही त्यात चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव सारखं दिसतं म्हणून फसून ते टाकू नका.

काम दोघांचं. सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकांना उटी (अडसर) लावा, आणि गाडी स्टँडवरच घ्या. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढा, सीलबंद बाटलीतलं नवं भरा. कुठल्या चाकापासून सुरू करायचं तो क्रम गाडीगणिक बदलतो, मॅन्युअल बघा. ब्लीड निपलला, म्हणजे चाकापाशी ऑइल सोडायच्या छोट्या तोटीला, रिंग पाना लावा (साध्या पान्याने कोपरे झिजतात, मग रडायची वेळ येते), त्यावर पारदर्शक नळी चढवा, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा.

आत बसलेला पेडल दाबतो आणि ओरडतो, "दाबलं!" बाहेरचा माणूस निपल पाव फेरा सैल करतो, ऑइल बाहेर येतं, पेडल खाली जातं. बाहेरचा निपल बंद करतो, मगच म्हणतो, "सोड." हा क्रम उलटला की हवा आत गेलीच. नळीत स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं ऑइल दिसेपर्यंत चालू ठेवा. मध्ये मध्ये डबीत भरत राहा. डबी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, हे ऑइल रंग खातं. हाताला सवय नसेल तर मिस्त्रींकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून. हे शिकायची जागा घाट नव्हे.

५. पॅड आणि पिना

ऑइलनंतर पॅड. ३ मिमी उरले की बदला, आणि एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे एकदम. कंपनीच्या पॅडपेक्षा एक पायरी वरचे, रस्त्यासाठीच बनवलेले पॅड घ्या. रेसिंगचे पॅड घेऊ नका. ते तापल्यावर चावतात, आणि सकाळी घरातून निघून पोवई नाक्यावर पहिल्यांदा ब्रेक मारताना ते थंडच असतात. पुड्यावर तापमानाची कक्षा दिलेली असते. ती शून्याजवळून सुरू होते का ते पाहा.

जुने पॅड काढल्यावर डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने ताडून पाहा. त्याखाली गेली असेल तर लेथवर घासून उपयोग नाही, नवी साधी डिस्क घ्या. पिस्टन (पॅड रेटणारा कॅलिपरमधला दट्ट्या) मागे ढकलताना डबीचं झाकण उघडून लक्ष ठेवा, ऑइल वर चढून सांडतं. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका; ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढा.

आता पिना. छोट्या गाड्यांत कॅलिपरला सहसा एकच पिस्टन असतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, तेव्हा कुठे बाहेरचा पॅड डिस्कला टेकतो. पिन चिखल-गंजाने अडकली की आतला पॅड एकटाच राबतो, सुटतही नाही, आणि ते चाक सतत तापत राहतं. दोन्ही पिना काढा, पुसा, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, बूट (पिनेवरचं रबरी आवरण) फाटला असेल तर बदला. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते. या कामाला वीस मिनिटं लागतात, आणि बिल मोठं होत नसल्यामुळे बहुधा कुणी करत नाही.

६. पॅड बसवून घ्या

नवे पॅड लावून लगेच घाट चढू नका. रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत दमदार पण चाक जाम न करता वेग उतरवा, पुन्हा ६० गाठा. असं आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की तिथेच त्याचा ठसा उमटतो, आणि स्टिअरिंगची थरथर विकत घेतली म्हणून समजा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता सावकाश फिरवा. थोडा वास येईल, घाबरू नका.

७. हे घेण्याआधी थांबा

भोकांच्या डिस्क दिसायला झकास. पण छोट्या गाडीच्या डिस्कचं वजन आधीच कमी, त्यात भोकं पाडली की उष्णता साठवायला लोखंड आणखी कमी उरतं, आणि भोकांच्या कडेने तडे जातात ते वेगळंच. स्टीलच्या जाळीच्या ब्रेक नळ्यांनी पेडल घट्ट लागतं, थांबायचं अंतर कमी होत नाही. जुन्या रबरी नळ्या बदलायच्याच असतील तर जरूर घ्या.

मागचे ड्रम काढून डिस्क लावायचा हट्टही मला पटत नाही. पोलो जीटी टीएसआयला मागे ड्रमच होते. बलेनो आरएस आणि आय२० एन लाइनला चारही डिस्क आहेत, पण त्या कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल साधून दिल्या आहेत. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि साधारण ७० टक्के काम पुढचीच चाकं करतात. मागे जोर वाढवला तर पावसाळी वळणावर मागची चाकं आधी सुटू पाहतात. मोठ्या कॅलिपरच्या किटलाही हाच धोका आहे, शिवाय चाकं मोठी घ्यावी लागतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालतं, हे विमा कंपनीला अपघातानंतर नेमकं आठवतं.

८. उतरताना

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. एक लिटरच्या टर्बो इंजिनाची गाडी रोखून धरायची ताकद कमी असते, म्हणून आणखी एक गिअर खाली घ्यायला लाजू नका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर टाका. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळण्यापेक्षा वळणाआधी एकदा नीट दाबा आणि पूर्ण सोडा, सुटलेल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

खाली आल्यावर, शेवटची दोन-तीनशे मीटर ब्रेक न लावता येऊन, मी इन्फ्रारेड थर्मामीटर चाकातून डिस्कवर रोखतो. स्वयंपाकघरातल्या किंवा मशीनच्या कामाचा कुठलाही चालतो. पुढच्या दोन्ही डिस्क थोड्याफार फरकाने सारख्या असाव्यात. ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझी डावी डिस्क उजवीपेक्षा नव्वद अंशांनी जास्त तापलेली निघाली. मिस्त्रींनी कॅलिपर उघडला, खालची पिन हलेना. नवी डिस्क बसवणाऱ्याने बाहेरून लाल रंग लावला होता, पिन मात्र काढलीच नव्हती.