दोन फुटी मरीन टँकमध्ये कोणते मासे ठेवावेत: खानदेशातल्या उन्हाळ्याचा हिशेब धरून

२ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत कागदावर ७० लिटर पाणी बसतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी दोन बोटं वजा केली की हातात ५५ लिटरच्या आसपास उरतं. एवढ्या खाऱ्या पाण्यात लहान जातीचे तीन मासे, फार तर चार. थंडीत लावलेल्या टाकीत सहा मासेही आरामात फिरताना दिसतात आणि दुकानदार सातवा गळ्यात मारतो. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा खरा हिशेब कळतो. म्हणून मासे किती आणि कोणते हे मे महिना डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवा.

कारण सरळ आहे. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा जवळपास २० टक्के कमी ऑक्सिजन विरघळतो. पाणी तापलं की तो आणखी घटतो, आणि माशाची गरज मात्र वाढते. त्यात लाइट गेली की पाण्याची हालचाल थांबते. तीन माशांची टाकी बॅटरीवरच्या एअर पंपवर काही तास निभावून नेते, सात माशांची नाही. पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला छोटा पंखा आपल्या कोरड्या हवेत २ ते ४ अंश सहज उतरवतो. मात्र बंद खोलीत डेझर्ट कूलर चालू असला की हवेतला दमटपणा वाढतो आणि पंख्याचा परिणाम कमी होतो, तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवा. पंख्याने उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याने घाला, खाऱ्या पाण्याने नाही.

बोअरचं पाणी या कामाचं नाही. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा स्क्रू किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते बाजूला करून मगच पाणी घ्या. टीडीएस १०च्या खाली असला तर उत्तम. मरीन सॉल्ट लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) १.०२५.

आता निवड. भांडणाचं मूळ जवळपास नेहमी एकच असतं: सारखा आकार, सारखा रंग आणि राहण्याची एकच जागा. म्हणून टाकीचे तीन मजले समजा. वरचं मोकळं पाणी, दगडांची भोकं आणि तळाची वाळू. प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड.

मोकळ्या पाण्यासाठी ऑसेलारिस क्लाऊनची, म्हणजे निमोची, एक जोडी. क्लाऊन जन्मतः नर असतात, जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. त्यामुळे एक ५ सेंटिमीटरचा आणि एक ३ सेंटिमीटरचा असा उघड फरक असलेली जोडी घ्या. दोन्ही मोठे आणि सारखे असले तर मारामारी ठरलेली. लहान मासा मोठ्यापुढे आडवा होऊन थरथरतो, तो आजार नाही. ती शरणागती आहे आणि जोडी जमल्याची खूण आहे. तिसरा क्लाऊन कधीच नको. 'मरून' नावाची गडद तांबडी क्लाऊनची जात तर या मापाच्या टाकीत आणूच नये. हॅचरीत वाढलेले निमो मागा. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केल्याला बरीच वर्षं झाली. असे मासे पेलेट, म्हणजे दाणेदार तयार खाद्य, खातात. दुकानात समोर खाऊ घालायला सांगा. खात नसेल तो मासा स्वस्तातही नको.

दगडांच्या भोकासाठी फायरफिश किंवा रॉयल ग्रामा, दोघांपैकी एकच. ग्रामाच्या नावावर अनेकदा रॉयल डॉटीबॅक विकला जातो. तोही अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, पण स्वभावाने भलताच तापट. नीट बघा: ग्रामात जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळत जातो, डोळ्यातून काळी रेघ जाते आणि पाठीच्या पराच्या पुढच्या भागावर काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग पट्टीने आखल्यासारखे तुटतात. फायरफिश घेतला तर तो घाबरला की उडी मारतो. काचेचं झाकण लावलं तर पंख्याचा उपयोग संपतो. म्हणून प्लॅस्टिकच्या चौकटीवर पाव इंची नायलॉन जाळी ताणून बसवा. ॲल्युमिनियमची चौकट मिठाने खाल्ली जाते.

तळाला पिवळा वॉचमन गोबी, एकच. त्याला ४-५ सेंटिमीटर वाळू लागते. दगड आधी थेट काचेवर टेकवा, मग वाळू भरा, नाहीतर तो खालून पोखरतो आणि ढीग कोसळतो.

क्लाऊनची जोडी आणि गोबी, एवढ्यावर थांबलात तर सर्वांत सुरक्षित. ग्रामा किंवा फायरफिश हा चौथा, तोही पंखा आणि बॅकअप दोन्ही असतील तरच.

काय घेऊ नये, ते थोडक्यात. डोरी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लायनफिश तोंडात मावेल त्याला गिळतो आणि त्याचे काटे विषारी असतात. मँडरिन आणि क्लीनर रास दिसायला देखणे, पण लहान टाकीत उपाशी मरतात. बटरफ्लाय माशाच्या बऱ्याच जातींचंही तेच. डॅमसेल स्वस्त म्हणून खपतात, 'टाकी सुरू करायला टाका' असा सल्लाही मिळतो. तो ऐकू नका. डोमिनो आणि तीनपट्टी डॅमसेल एकदा हद्द ठरवली की नंतर आलेल्या प्रत्येकाला झोडपतात, आणि दगड उपसल्याशिवाय हाती लागत नाहीत. टाकी मुरवायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला, अमोनियम क्लोराइड किंवा कोळंबीचा तुकडा पुरतो. ४ ते ६ आठवडे द्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच मासा. समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, कोणी देतो म्हटलं तरी हात लावू नका.

मुंबईहून मासे आणताना पिशवीत सात-आठ तास जातात. तेवढ्यात आत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाच्या पिशवीत तासभर टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडत बसू नका. दुकानातली क्षारता आधीच विचारा, अनेक ठिकाणी ती १.०२०च्या आसपास असते. क्वारंटाइनच्या डब्यात तेवढीच ठेवा, बंद पिशवी २० मिनिटं तरंगवा आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. मग रोज ०.००१ ते ०.००२ने क्षारता वाढवत न्या. चार आठवडे वेगळा ठेवा, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात का ते बघा.

मुख्य टाकीत आधी बुजरा, शेवटी दांडगा: गोबी, मग फायरफिश किंवा ग्रामा, शेवटी क्लाऊनची जोडी. दोन भरतींमध्ये किमान तीन आठवडे अंतर. नवा मासा पहिला दिवस भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच ठेवा. बाहेरून डब्याला धडका बसत असतील तर सोडण्याआधी दोन-तीन दगडांची जागा बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. सोडल्यावर थोडा पाठलाग होणारच. तिसऱ्या दिवशीही नवा मासा खायला बाहेर येत नसेल किंवा पर फाटलेला दिसत असेल, तर डब्यात जायची पाळी आता मारणाऱ्याची.