पुराच्या रात्री उपयोगी पडेल असे नगर-रेडिओ केंद्र कसे उभारावे

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा समा भागातील आमच्या इमारतीत वीज नव्हती आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बहुतेकांचे मोबाईल बंद पडले होते. शेजारच्या काकूंनी कपाटातून जुना ट्रान्झिस्टर काढला, भिंतीवरच्या घड्याळांतले सेल त्यात बसवले आणि आम्ही सात-आठ जण जिन्यात त्याभोवती बसलो. गाणी लागली, जाहिराती लागल्या. पण पाणी अजून चढणार आहे का, दुधाची गाडी कुठवर येते, डायलिसिसच्या रुग्णाला कोणत्या पुलावरून नेता येईल, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर दोन तासांत मिळाले नाही. बडोद्यातील ज्या संस्थांना आणि नगरसेवकांना ही उत्तरे देणारे केंद्र उभारावेसे वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

असे केंद्र सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणारे छोटे एफएम केंद्र, म्हणून उभारता येते. त्याचा परवाना केंद्र सरकारचे माहिती व प्रसारण मंत्रालय देते. 2002 मध्ये तो केवळ शैक्षणिक संस्थांसाठी खुला झाला आणि 2006 पासून सेवाभावी संस्थांनाही मिळू लागला. मात्र अशी संस्था नोंदणी होऊन किमान 3 वर्षे झालेली असावी लागते. म्हणून परवाना एखाद्या महाविद्यालयाने किंवा जुन्या संस्थेने घ्यावा आणि महापालिकेने जागा, माहिती व खर्चाचा भार उचलावा, ही रचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते. अशा केंद्राला स्वतःचे बातमीपत्र चालवण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. परंतु वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याचे इशारे यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना बातम्यांत गणल्या जात नाहीत. त्यामुळे महापालिका आणि जिल्हा नियंत्रण कक्षाशी लेखी करार करणे, हे पहिले काम समजावे. कोणता अधिकारी सूचना देणार, तो नसल्यास कोण देणार आणि फोन बंद पडल्यास निरोप कोण घेऊन येणार, हे त्यात नावानिशी असले पाहिजे. कलेक्टर कचेरीत केंद्राचा एक स्वयंसेवक वायरलेस संच घेऊन बसवता आला, तर उत्तमच.

जागा निवडताना तळमजला टाळावा, आणि जनरेटरही तळमजल्यावर ठेवू नये; स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आणि जनरेटर पार्किंगमध्ये, ही चूक नदीकाठच्या शहरात फार महाग पडते. या केंद्रांना सहसा 100 वॉटपर्यंतच प्रसारणशक्ती वापरता येते. त्यातून साधारण 5 ते 10 किलोमीटरचा परिसर मिळतो आणि शहराचा मोठा भाग त्यात येतो. ट्रान्समीटर, मिक्सर आणि एक संगणक मिळून काही शे वॉटच वीज लागत असल्याने इन्व्हर्टरच्या चांगल्या बॅटऱ्या पुष्कळ काळ साथ देतात. त्या महिन्यातून एकदा केंद्र त्यांच्यावर चालवून तपासाव्यात.

आता सूचना लिहिण्याविषयी, कारण खरे कौशल्य तिथे आहे. ‘विश्वामित्रीच्या पातळीत वाढ होत असून सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य कितीही वेळा वाचले तरी ऐकणारा जागचा हलत नाही, कारण आपण सखल भागात राहतो असे कुणालाच वाटत नसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘दुपारचे 4 वाजून 10 मिनिटे झाली आहेत. आजवा धरणातून सोडलेले पाणी रात्रीपर्यंत शहरात पोहोचेल. परशुराम भठ्ठ्यातील नदीकडच्या घरांनी 6 वाजण्यापूर्वी निवारा शाळेत जावे. औषधे, आधार कार्ड आणि पिण्याचे पाणी सोबत घ्यावे. पुढची सूचना 4 वाजून 40 मिनिटांनी.’ आरंभी वेळ, मग स्थळ, मग कृती आणि शेवटी पुढच्या सूचनेची वेळ, हा क्रम मोडू नये. नवे काही कळले नसले, तरी ठरल्या वेळी माईक उघडून तसे सांगावे. अंधारात बसलेल्या माणसाला त्या आवाजाचा आधार असतो. समा, वडसर, कलाली, अकोटा, मुजमहुडा अशा प्रत्येक भागासाठी रिकाम्या जागा सोडलेले मसुदे जूनच्या आधीच छापून ठेवावेत, म्हणजे आयत्या वेळी फक्त वेळ आणि ठिकाण भरायचे राहते.

सूचना गुजरातीत आधी, मग हिंदीत आणि मराठीत द्यावी. दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांत सर्वांना गुजराती समजते हे खरे. तरीही घाबरलेल्या आजीला मराठीत सांगितलेले चटकन उमगते, हे मी त्या जिन्यात पाहिले आहे.

पुराबरोबर अफवाही येतात. धरण फुटल्याची हाकाटी उठली, तर ती अफवा हवेवर पुन्हा उच्चारू नये. आजव्याची खरी पातळी आणि ती मोजल्याची वेळ तेवढी सांगावी. गल्लीत मगर दिसल्याचा फोन आला, तर ठिकाण विचारून वन विभागाला कळवावे आणि श्रोत्यांना त्या गल्लीचे नाव सांगून पाण्यात उतरू नका, गर्दी करू नका, एवढेच बजावावे.

ऐकणाऱ्यांकडे संच नसेल, तर केंद्राचा काही उपयोग नाही. अनेक नव्या मोबाईलमध्ये एफएम नसते, आणि ज्यांत असते त्यांना बहुधा वायरचा इअरफोन अँटेना म्हणून लावावा लागतो. म्हणून प्रत्येक सोसायटीत आणि पोळात (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत) सेलवर चालणारा एक संच व त्याची जबाबदारी घेणारा एक माणूस असावा. जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर नगरपालिकांनी आपत्ती-एफएम केंद्रे चालवली, तेव्हा त्यांतली काही आधीपासून रोज ऐकली जाणारी स्थानिक केंद्रेच होती. आपल्या केंद्रानेही एरवी भाजीचे भाव, परीक्षा आणि नवरात्राच्या वाहतुकीविषयी बोलत राहावे, म्हणजे लोकांना त्याची फ्रिक्वेन्सी पाठ होईल.

पाणी ओसरल्यावर प्रसारण थांबवू नये. कोणत्या भागात वीज सुरू झाली, पिण्याचे पाणी किती दिवस उकळून प्यावे, नुकसानीचा पंचनामा करणारे पथक कोणत्या दिवशी कुठे येणार, हे त्या आठवड्यात सर्वांत जास्त विचारले जाते. परवान्याच्या अटीनुसार मागील तीन महिन्यांचे ध्वनिमुद्रण जपावे लागते. ती मुदत संपण्यापूर्वी पूरग्रस्त वस्त्यांतील रहिवाशांना बोलावून ते त्यांच्यासोबत ऐकावे, कोणती सूचना उशिरा पोहोचली आणि कोणती समजलीच नाही हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे, आणि पुढच्या जूनचे मसुदे त्या वहीवरून दुरुस्त करावेत.