जानेवारीत मुंबई बघायची तर: तारखा, मुक्काम आणि लोकल

मुंबई बघायला हिवाळा उत्तम, असं जो तो सांगतो. मग लोक नाताळच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन येतात. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत गेटवे, जुहू, बँडस्टँड, राणीबाग, कुठेही जा, माणसांच्या पाठीच दिसतात आणि लॉजवाला सांगेल तो भाव मुकाट द्यावा लागतो. आमच्याकडे दर हिवाळ्यात सांगलीकडचे, विदर्भातले पाहुणे असतात, आणि सुट्टीत आलेले दमून परत जातात हे मी नेहमी पाहते. म्हणून सगळ्यात आधी तारखा.

तारखा

नवीन वर्षाचे पहिले तीन-चार दिवस सरू द्या. शाळा सुरू झालेल्या असतात. बहुतेक वर्षी याच सुमारास पौष असतो, म्हणजे लग्नकार्यं थांबलेली, हॉल रिकामे आणि आसपासच्या लॉजवर वऱ्हाडी नाहीत. तिथपासून प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीपर्यंतचे तीन आठवडे हा मुंबईचा हिवाळ्यातला सगळ्यात मोकळा काळ. खोलीच्या भावात घासाघीस करता येते ती याच दिवसांत. त्यातही सोमवार ते शुक्रवार धरा.

जानेवारीतल्या मॅरेथॉनचा रविवार टाळा. तो साधारण तिसरा असतो आणि त्या दिवशी दक्षिण मुंबईचे बरेच रस्ते पहाटेपासून बंद असतात. डिसेंबरातच यायचं असेल तर दुसरा आठवडा बरा. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर अभिवादनासाठी लाखो लोक येतात, तेव्हा दादर त्यांचं असतं. अभिवादनाला यायचं तर जरूर या, पण ते दिवस फिरण्यासाठी धरू नका. देवदर्शन करायचं असेल तर मंगळवारी सिद्धिविनायक आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मी नको.

कपडे: एक पातळ स्वेटर पुरे. मुंबईतली नीचांकी नोंद ७.४ अंशांची, २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला झालेली. एरवी पहाटे सोळा-अठरा आणि दुपारी तिशीच्या वर. थंडीपेक्षा सकाळच्या धुरक्याची काळजी करा. वारा पडलेला असतो, धूळ आणि धूर खालीच साचून राहतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी सकाळी समुद्रावर चालायला जाऊ नये. मलबार हिलवरून मरीन ड्राइव्ह बघायचा असेल तर दुपारी समुद्रावरचा वारा सुटल्यावर जा, सकाळी पलीकडचा किनारा धड दिसतसुद्धा नाही.

मुक्काम

दादर. मीरा रोडला खोली स्वस्त मिळते म्हणून तिथे उतरण्याचा सल्ला ऐकू नका. वाचलेले पैसे प्रवासात आणि दमणुकीत जातात. दादरला पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे मिळतात. फोर्टकडे जायला भुयारी मेट्रोही आहे. आरे ते कफ परेड ही पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. विमानाने येणाऱ्यांनी टर्मिनल दोनवरून तीच धरावी. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक अशी सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत. रिक्षा मात्र वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला मिळत नाही, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

लोकल

लोकलबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात आणि दोन्ही टाकाऊ आहेत. एक म्हणजे ‘लोकलच्या वाटेलाच जाऊ नका, टॅक्सी करा.’ दादरहून बोरिवलीला टॅक्सीने जाऊन-येऊन केलंत तर दिवसाचा मोठा भाग रस्त्यातच संपेल. दुसरा सल्ला ‘मुंबईत आलात तर गर्दीच्या लोकलचा अनुभव घ्याच.’ याचा मला मनापासून राग येतो. रोज पोटासाठी त्या गाडीत लटकणाऱ्यांचं ते हाल सोसणं आहे. त्यात लहान मुलं आणि बॅगा घेऊन आपण भर घालू नये.

गर्दी कुठल्या दिशेला वाहते एवढं कळलं की लोकल सोपी होते. सकाळी आठ ते अकरा ती उत्तरेकडून चर्चगेट आणि सीएसएमटीकडे येते, संध्याकाळी पाच ते नऊ उलट जाते. म्हणून दादरला राहा, सकाळी उत्तरेकडे जा आणि दुपारी चारच्या आत परत या. सकाळच्या बोरिवली गाडीत अंधेरीपर्यंत हल्ली ऑफिसवाले असतात, त्यामुळे दादरला बसायला मिळेलच असं नाही. पण अंधेरीला डबा रिकामा होतो आणि पुढे मुलांना खिडकी मिळते. फोर्ट, संग्रहालय, गेटवे असा दक्षिणेचा बेत असेल त्या दिवशी अकरानंतर निघा किंवा मेट्रोने जा, आणि संध्याकाळी साडेपाचला चर्चगेटवर उभे राहू नका. मरीन ड्राइव्हवर बसा, जेवून घ्या, नऊनंतर निघा.

पाहुण्यांना लोकलने फिरवणं मला सुरुवातीला फार जड गेलं, आणि ते गाडीत चढवण्यामुळे नव्हे, उतरवण्यामुळे. चढायला मागचे लोक ढकलून मदत करतात. उतरायचं तर आपलं आपण, आणि गाडी स्टेशनवर अर्धा मिनिटसुद्धा धड थांबत नाही. त्यामुळे एक स्टेशन आधी उठायचं. दादरला उतरायचं असेल तर चर्चगेटकडून येणाऱ्या स्लो गाडीत प्रभादेवीला, बोरिवलीकडून येताना माटुंगा रोडला दाराकडच्या पॅसेजमध्ये या. पुढच्या माणसाला नुसतं ‘दादर?’ विचारा. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा. ‘नाही’ म्हणाला तर तो स्वतःच बाजूला सरकून जागा देईल. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा. फास्ट गाडीत तर हे आणखी आधी करावं लागतं, कारण मधल्या स्टेशनांवर ती थांबत नाही आणि वेळ कळत नाही. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. मूल हाताला धरू नका, उचलून घ्या किंवा दोन मोठ्यांच्या मध्ये ठेवा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत कुणीही उतरायचं नाही, मग शेजारचे उड्या मारून उतरोत.

विरार फास्ट दिसली म्हणून बोरिवलीसाठी तीत चढू नका. लांब जाणारे दार अडवून उभे असतात आणि मधे उतरणाऱ्याला वाट मिळत नाही. ज्या स्टेशनला जायचं, शक्यतो तिथेच संपणारी गाडी घ्या. दहा मिनिटं जास्त थांबावं लागलं तर थांबा.

बायकांनी महिला डब्यात जावं, तिथे नेहमी नीट सांभाळून घेतात. मग घर दोन डब्यांत विभागलं जातं. त्यासाठी निघण्याआधी एक नियम सगळ्यांकडून वदवून घ्या: जो मागे राहील त्याने पुढची गाडी धरायची आणि पुढे गेलेल्यांनी उतरण्याच्या स्टेशनवर, त्याच प्लॅटफॉर्मवर थांबायचं. कुणीही शोधायला उलट यायचं नाही. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की तासभर गेलाच, आणि गर्दीत फोनही ऐकू येत नाही. आजी-आजोबांकडे स्टेशनचं नाव कागदावर लिहून द्या.

दादरचे प्लॅटफॉर्म नंबर जुन्या माणसाला विचारू नका. डिसेंबर २०२३ मध्ये ते बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे आता ८ ते १४ आहेत. घरातले काका अजूनही ‘मध्यचा एक नंबर’ म्हणतात आणि पाहुणे भलत्याच पुलावर चढतात.

तिकीट: खिडकीवर पर्यटक तिकीट मागा. एक, तीन किंवा पाच दिवसांचं मिळतं, रोज रांग लावावी लागत नाही. साधं तिकीट असेल तर दारावर ‘प्रथम श्रेणी’ लिहिलंय का ते चढण्याआधी बघा, एसी गाडीतही ते चालत नाही. रविवारी बोरिवली, ठाणे, ऐरोली असे लांबचे बेत नकोत. मेगाब्लॉकमुळे, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवल्यामुळे, दुपारपर्यंत गाड्या कमी असतात आणि फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवलेल्या असतात. शनिवारच्या पेपरात वेळा येतात. रविवारी फोर्टमध्ये पायी हिंडा, ऑफिसं बंद असल्याने जुन्या इमारती निवांत बघता येतात.

कुठल्या वारी काय

घारापुरी (एलिफंटा), बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी सोमवारी बंद. राणीबाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. हे लिहून भिंतीवर लावा.

घारापुरीला गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमाराच्या पहिल्या बोटींपैकी एक धरा, पोचायला साधारण तास लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच पाण्यात प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली. तेव्हा लाइफ जॅकेट मांडीवर घेऊन बसू नका, अंगात घालून पट्टे आवळा, मुलांचे स्वतः तपासा. हिवाळ्यात बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे येतात. त्यांना शेव-गाठ्या टाकू नका. कितीही लोक टाकत असले तरी ते त्यांचं अन्न नाही.

कान्हेरी मला घारापुरीपेक्षाही आवडते आणि तिथे बाहेरगावचे फारसे जात नाहीत. शंभराहून अधिक लेणी, बहुतेकांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पन्हळी, झोपायचे ओटे. उन्हाळ्यात कातळ तापतो, जानेवारीत वरपर्यंत चढता येतं. बोरिवली स्टेशनपासून उद्यानाचं दार जवळ, आतलं अंतर उद्यानाच्या बसने.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा, मग दिवस ठरवा. पूर्ण ओहोटीला ते चिखलात दूर निघून जातात. ऐरोलीच्या वन विभागाच्या केंद्रातून खाडीत बोट जाते, तिच्या वेळाही भरतीवरच असतात. आगाऊ नोंदणी करा.

खाण्याचं सांगायला नको, फक्त संक्रांतीच्या आठवड्यात असाल तर गिरगाव-भुलेश्वरकडे उंधियू (गुजराती मिश्र भाजी) घ्या आणि महात्मा फुले मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, खालचा थर उघडून बघून.

परतताना

रात्रीची गाडी असेल तर ठाण्याहून किंवा कल्याणहून धरू नका; संध्याकाळी सामान घेऊन तिकडे जाणं म्हणजे नेमकं गर्दीच्या दिशेने जाणं. दादर किंवा सीएसएमटीवरूनच बसा. गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटत असेल तर ते कुर्ला स्टेशनात नाही, वेगळं आहे. हार्बर मार्गावरचं टिळकनगर स्टेशन त्याला जवळ पडतं, पण बॅगा असतील तर दादरहून थेट टॅक्सी करा आणि दोन तास हातात ठेवून निघा.