सीपीके काढताना या चुका टाळा

पीपॅपची (नवा भाग मंजूर करून घ्यायला ग्राहकाला द्यायच्या कागदपत्रांची) फाइल उद्या जायची असते आणि सीपीके, म्हणजे प्रक्रिया टॉलरन्सच्या मर्यादांत किती आरामात बसते ते सांगणारा आकडा, आज हवा असतो. मग मशीनवरून सलग 30 नग उचलतात, रीडिंग्ज एक्सेलमध्ये टाकतात आणि आकडा 1.67 च्या वर दिसला की सही होते. सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे.

भोसरी-चाकणच्या कुठल्याही टर्निंग शॉपमधलं काम घ्या. शाफ्टचा व्यास 25.000 मिमी, टॉलरन्स ±0.020. नवा इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं), ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) नीट जुळवलेला, सलग 30 नग. सरासरी 25.002, सिग्मा (रीडिंग्जचा फैलाव, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन) 0.003. वरच्या मर्यादेपर्यंत उरले 0.018, त्याला तीन सिग्मा म्हणजे 0.009 ने भागलं की सीपीके 2.0. फाइल पास. पुढे ग्राहकाकडून जाड शाफ्ट परत येतात आणि बोलणी ऑपरेटरला खावी लागतात. त्या बिचाऱ्याचा दोष काय? इन्सर्ट झिजतो तसा व्यास वाढत जातो, ऑफसेट दिला की खाली येतो. बारचा हीट नंबर (स्टीलच्या ओतीचा क्रमांक) बदलतो, शिफ्ट बदलते. सलग काढलेल्या 30 नगांत यातलं काहीच येत नाही. तीन शिफ्टमधून रीडिंग्ज घेतली की सरासरी 25.004 आणि सिग्मा 0.007 निघतो. आता 0.016 भागिले 0.021, म्हणजे 0.76. हजारातले अकरा-बारा नग बाहेर.

म्हणून 25 सबग्रुप घ्या, प्रत्येकात 5 सलग नग, तासातासाने. इन्सर्ट बदलण्याआधीचा आणि नंतरचा सबग्रुप त्यात हवाच. सबग्रुपच्या सरासरी रेंजला (सगळ्यात मोठ्या आणि लहान रीडिंगमधला फरक) 2.326 ने, म्हणजे 5 नगांच्या सबग्रुपसाठी ठरलेल्या आकड्याने, भागून येतो तो सीपीकेचा सिग्मा. सगळ्या 125 रीडिंग्जचं स्टँडर्ड डेव्हिएशन पीपीकेसाठी, म्हणजे तोच हिशेब पूर्ण काळाच्या फैलावावर. दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायची सवय ठेवा. पीपीके बराच खाली असेल तर प्रक्रिया सरकते आहे. आधी कंट्रोल चार्ट (वेळेनुसार रीडिंग्जचा आलेख) बघा. सलग नगांचा अभ्यास नवं मशीन ताब्यात घेताना ठीक आहे. घाई असली तरी त्याला प्रक्रियेचा सीपीके म्हणू नये.

दुसरी चूक मोजमापाची. एकूण टॉलरन्स 0.040 आणि हातात 0.01 लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक न दाखवणारा) मायक्रोमीटर! सगळी रीडिंग्ज दोन-तीन आकड्यांवरच येऊन बसतात, अशा सिग्माला काही अर्थ नाही. लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाहून मोठा नको, इथे 0.001 वापरा. त्याआधी गेज आर अँड आर (मोजणीतलाच फरक किती ते तपासणं) करा: 10 नग, 3 जण, 3 फेऱ्या. 10 टक्क्यांच्या आत आलं तर पुढे जा, 30 च्या वर गेलं तर आधी गेज सुधारा. आणि नग गार होऊ द्या. 25 मिमीचा स्टीलचा शाफ्ट 20 अंशांनी गरम असला तर जवळजवळ 6 मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे सलग नगांच्या 0.003 सिग्माच्या दुप्पट.

रनआउट (फिरताना येणारा डगमगाट) किंवा ओव्हॅलिटीला (गोलाईतला फरक) शून्य ही खालची मर्यादा धरू नका, फक्त वरची बाजू मोजा. दोन स्पिंडल किंवा चार कॅव्हिटी (साच्यातले खण) असतील तर प्रत्येकीचा हिशेब वेगळा. तपासून, छाटून ठेवलेल्या लॉटवर सीपीके कधीच काढू नका. विचित्र रीडिंग खोडायचं तर कारण सापडल्यावरच, तेही नोंद करून.

सीपी (सरासरी बरोबर मध्यावर असती तर आला असता तो सीपीके) 1.8 आणि सीपीके 0.9 आला म्हणून नवं मशीन मागायची गरज नाही. फैलाव ठीक आहे, सरासरी सरकली आहे. ऑफसेट मध्यावर आणा आणि पुन्हा मोजा. सीपीच 1 च्या खाली असेल तर ऑफसेट फिरवून काही हाती लागणार नाही. चकची पकड, स्पिंडलचं बेअरिंग, टूलचा ओव्हरहँग (होल्डरबाहेर आलेली लांबी) तपासायला घ्या.