लेगोची आगगाडी घसरते? मोटरला दोष देण्याआधी या चुका टाळा

गाडी वळणावर अडखळली, चढावर दमली की बहुतेक जण सगळ्यात आधी दुसरी मोटर मागवतात. मीही तेच केलं होतं. नवी मोटर आली आणि गाडी त्याच वळणावर, त्याच सांध्याशी पुन्हा घसरली. तेव्हापासून कुणी तक्रार घेऊन आलं की मी एकच सांगतो: आधी डबा हाताने ढकलून बघा.

मोटर नसलेला एकेक डबा सुटा करा, सरळ रुळावर ठेवा आणि बोटाने हलकेच ढकला. चांगला डबा चार-पाच रूळ सहज घरंगळतो. जो पहिल्या-दुसऱ्या रुळावरच थांबतो, त्याची चाकं काढून पाहा. आपल्या सोलापुरात त्या चाकांत काय सापडतं हे मी न बघता सांगू शकतो. सूत. घरात चादरी आणि टॉवेल असतातच, आणि जमीन टोचते म्हणून पुष्कळ जण चादर अंथरून तिच्यावरच रूळ मांडतात. चादरीचे तंतू आणि लांब केस अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दांड्याच्या, टोकाला असे गुंडाळले जातात की बाहेरून काही दिसत नाही. चाकांची जोडी खाली ओढून काढा आणि चिमट्याने धागे सोडवा. शिलाई मशीनचं तेल मात्र घालू नका. त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

चादर नको म्हणून थेट शहाबादी फरशीवर मांडणी केली तर तिथे दुसरी अडचण. दोन फरश्यांच्या सांध्यात एक कड वर, एक खाली असते. डोळ्यांना ती जाणवत नाही, चाकाला जाणवते. प्लायवूडचा तुकडा घाला. तोही नसेल तर निदान रुळांचा सांधा फरशीच्या सांध्यावर येऊ देऊ नका. मांडून झालं की प्रत्येक सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर चाकही अडणार.

डावं वळण संपताच लगेच उजवं वळण जोडणं ही जागा कमी असलेल्या घरांतली नेहमीची चूक. त्या जागी दोन डब्यांची तोंडं विरुद्ध दिशांना वळतात, डबे जोडणारं कपलिंग ताणलं जातं आणि हलका डबा उचलला जातो. दोन्हींच्या मध्ये किमान एक सरळ रूळ हवाच.

आता सगळ्यात जास्त मन मोडणारी चूक. आपल्याला आपली गाडी हुबेहूब करायची असते. लेगोच्या दोन रुळांतलं अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर, आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण साधारण १:४५. या हिशेबाने साडेतेवीस मीटरचा एलएचबी, म्हणजे हल्लीचा स्टीलचा, डबा ५२ सेंटिमीटरचा, म्हणजे ६५ स्टडचा होतो (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा, एकाला ८ मिलिमीटर धरायचे). रुंदी नऊ स्टड. कपाटात ठेवला तर देखणा दिसतो, पण लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे फक्त ३२ सेंटिमीटर. १६ तुकड्यांत पूर्ण गोल होतो. या डब्याच्या दोन बोगींमध्ये, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या गाड्यांमध्ये, ३३ सेंटिमीटर अंतर पडतं. वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला चार सेंटिमीटरहून जास्त सरकतो. शेजारचा सिग्नल आडवा होतो, प्लॅटफॉर्मवरची माणसं पडतात आणि बोगी डब्याच्या पायऱ्यांवर घासू लागते. लोक तेव्हा मोटर बदलतात!

धावायच्या गाडीचा डबा २८ स्टडच्या आसपास ठेवा आणि बोगींच्या केंद्रांत १८ स्टड अंतर ठेवा. मग सरकणं एका स्टडभरच राहतं. खिडक्या कमी होतात, हे मला पटवून घ्यायला वेळ लागला. पण रंगाचा पट्टा आणि दारांची जागा बरोबर असली की सोलापूरचं शेंबडं पोरही गाडी ओळखतं. बोगी फिरते का, हे बाजू बांधायच्या आधी सांगाडा वळणावर फिरवून पाहा. सगळं बांधून झाल्यावर तोडायचं म्हणजे जीव जातो.

वजनाबद्दल आपल्याच जिल्ह्यात धडा आहे. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अवघ्या ७६२ मिलिमीटर गेजची. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिनापासून डब्यापर्यंत प्रत्येक अ‍ॅक्सलवर पाच टनांचाच भार ठेवला आणि हलक्या रुळांवरून भरपूर माल नेला. आपल्याकडे उलट होतं. सजवलेला जड डबा शेवटी, रिकामा डबा मध्ये. वळणावर मागचं वजन ओढ देतं आणि मधला डबा आत कलंडतो. जड डबे इंजिनाजवळ लावा. बॅटरीचा डबा मोटरच्या बरोबर वर बसवा. वजन नसलं तर मोटरची चाकं जागच्या जागी फिरतात.

चढ करताना प्रत्येक रुळाला एक अख्खी वीट वाढवू नका, एक प्लेट, म्हणजे विटेच्या एक तृतीयांश उंचीचा चपटा तुकडा, वाढवा. १२८ मिलिमीटरच्या रुळाला ३.२ मिलिमीटर म्हणजे १:४०. भोर घाटाचा चढ १:३७ आहे, आणि मुंबईहून सोलापूरला येताना कर्जतला गाडीमागे ढकलणारी बँकर इंजिनं का जोडतात हे आपण सगळ्यांनी खिडकीतून पाहिलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय चढते, कारण तिच्या मोटरी गाडीभर विभागलेल्या आहेत. चढासाठी दुसरी मोटर घेतलीत तर तो खर्च योग्य आहे. फक्त दोन्ही मोटरी एकाच दिशेला ओढतायत ना, हे गाडी हातात उचलून चाकं फिरवून पाहा. एक उलटी बसली असेल तर ती फिरवून बसवा.

बॅटरीचं थोडक्यात. पॉवर्ड अप या लेगोच्या मोटर-प्रणालीच्या हबमध्ये, म्हणजे बॅटरीच्या डब्यात, सहा ट्रिपल ए सेल लागतात. त्यात पाच नवे आणि एक जुना घातला तर तो जुना पुरता संपूनही त्यातून प्रवाह जात राहतो, आणि बहुधा तोच फुटून गळतो. सहाही एकदम बदला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे वेग जरा कमी दिसेल. तो बिघाड नाही. एप्रिल-मेमध्ये गाडी महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. पत्र्यांवर पांढरी पूड दिसली तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओल्या काडीने पुसून पूर्ण सुकवा.

आणि धुण्याबद्दल. विटांना ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको. सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच पोळतं, म्हणून विटा सकाळी धुवा किंवा आदल्या रात्री बादली भरून ठेवा. वाळत घालायच्या त्या सावलीत, पंख्याखाली. वंदे भारतसाठी जमवलेले पांढरे तुकडे गच्चीवर आणि खिडकीशी ठेवत राहिलात तर पिवळे पडतात, आणि मग एका डब्यात दोन पांढरे दिसू लागतात. मी माझी गाडी आता उत्तरेकडच्या भिंतीला, कपाटाच्या काचेआड ठेवतो.